युनिक्सच्या टेपवरून एकच फाइल परत मिळवताना

युनिक्स संगणकाचा बॅकअप टेपवर घेणे हे सवयीचे काम आहे. रात्री ठरलेल्या वेळी आदेश चालतो, टेप फिरते आणि सकाळी ती काढून कपाटात जाते. सबंध डिस्क निकामी झाली तर साऱ्या टेप क्रमाने वाचून ती पुन्हा उभी करता येते. त्यात वेळ जातो, पण डोके फारसे चालवावे लागत नाही. खरी परीक्षा वेगळ्याच प्रसंगी होते. डिस्क धडधाकट आहे, यंत्र चालू आहे, माणसे कामाला बसली आहेत आणि हजारो फाइलींतली एकच फाइल कुणाच्या तरी हातून पुसली गेली आहे. चालू कामाला धक्का न लावता तेवढी एक फाइल टेपवरून उचलून जागेवर ठेवायची, यासाठी टेपवर काय कोणत्या क्रमाने लिहिलेले असते याची नीट माहिती लागते.

टेपचा मूळ स्वभाव असा की तिच्यावर उडी मारता येत नाही. डिस्कचे वाचक-टोक हव्या त्या जागी थेट पोचते. टेपवर मात्र गाण्याच्या कॅसेटप्रमाणे पाचव्या गाण्यासाठी आधीची चार ओलांडावी लागतात. माहिती ठोकळ्याठोकळ्यांनी, म्हणजे ब्लॉकच्या रूपात, एकामागून एक लिहिलेली असते. एक बॅकअप पूर्ण झाला की ड्राइव्ह तेथे एक विशेष खूण करतो. तिला फाइल-मार्क म्हणतात. दोन फाइल-मार्कांमधल्या मजकुराला टेपच्या भाषेत ‘टेप-फाइल’ म्हणतात आणि नवशिक्याचा पहिला गोंधळ येथेच होतो, कारण एका टेप-फाइलमध्ये डिस्कवरच्या हजारो फाइली असू शकतात. फाइल-मार्क मोजत भराभर पुढे जाणे ड्राइव्हला जमते. दोन खुणांच्या आत काय आहे याचा मात्र त्याला पत्ता नसतो. ते फक्त ज्या प्रोग्रामने टेप लिहिली त्यालाच कळते. म्हणून आधी योग्य टेप-फाइलपाशी पोचायचे आणि मग तिच्या आत शिरून हवी ती वाट शोधायची, अशा दोन टप्प्यांत हे काम होते.

पहिल्या टप्प्यासाठी ‘एमटी’ नावाचा छोटा आदेश असतो. टेप मागे गुंडाळणे, ड्राइव्हची स्थिती विचारणे, अमुक इतक्या खुणा ओलांडून पुढे जाणे ही त्याची कामे. तिसऱ्या टेप-फाइलपाशी जायचे तर दोनच खुणा ओलांडायच्या असतात. घाईत माणूस तीन लिहितो आणि चौथ्या बॅकअपमध्ये जाऊन फाइल सापडत नाही म्हणून हैराण होतो. दुसरा सापळा उपकरणाच्या नावात आहे. युनिक्समध्ये एकाच टेप-ड्राइव्हला दोन नावे असतात. एका नावाने वापरल्यास काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते, दुसऱ्याने वापरल्यास ती आहे तेथेच थांबते. लिनक्सवर पहिले ‘एसटी०’ आणि दुसरे ‘एनएसटी०’. सोलॅरिसवर ‘आरएमटी/०’ आणि ‘आरएमटी/०एन’. बहुतेक ठिकाणी हे ‘एन’ अक्षर ‘गुंडाळू नको’ असे सांगते. गुंडाळणाऱ्या नावाने टेप पुढे नेली तर ‘एमटी’ संपताच ती निमूटपणे मागे येते आणि पुढचा आदेश पहिलीच टेप-फाइल वाचतो. कसलीही चूक दाखवली जात नाही, म्हणून हा दोष लवकर लक्षात येत नाही.

महाराष्ट्रात मोठ्या संगणकाच्या टेप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हे यंत्र आले तेव्हाच फिरू लागल्या होत्या. युनिक्स त्यानंतरचे, अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये ते सुरू केले. आपल्याकडे सर्वसामान्य कर्मचाऱ्याची युनिक्सशी गाठ पडली ती मुख्यतः बँकांमुळे. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये बँकांच्या संगणकीकरणाचा अहवाल दिला आणि पुढच्या दशकभरात कार्यालयांत व शाखांत युनिक्सवर चालणारी यंत्रे दिसू लागली. दिवसभराचे व्यवहार संपले, डे-एंड झाला की टेप लावायची, हा शाखेतला नित्यनेम होता. कोअर बँकिंग आल्यावर शाखेतला सर्व्हर गेला आणि टेपही मध्यवर्ती माहिती-केंद्रात गेली. रीत मात्र तीच राहिली.

पुढच्या विवेचनासाठी एक काल्पनिक पण ओळखीचा प्रसंग घेऊ. अमरावती विभागाच्या पातळीवर एक युनिक्स सर्व्हर आहे. त्याच्या ‘/डेटा’ या स्वतंत्र फाइल-सिस्टीमवर जिल्हा, तालुका आणि गाव अशा उतरंडीने प्रत्येक गावाची एक फाइल ठेवलेली आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी या गावाची फाइल ‘/डेटा/बुलढाणा/नांदुरा/वडनेर_भोलजी’ येथे असते. गुरुवारी दुपारी ती पुसली गेली. युनिक्सच्या मूळ आदेशांत कचरापेटी नाही. ‘आरएम’ म्हटले की फाइल गेली.

आता सगळ्यात आधी ठरवायचे ते हे की फाइल नेमकी कोणत्या टेपवर आहे. रोज सबंध डिस्कची प्रत घेणे परवडत नाही, म्हणून बॅकअप पातळ्यांनी घेतला जातो. युनिक्सच्या ‘डम्प’ या प्रोग्राममध्ये ० ते ९ अशा पातळ्या असतात. शून्य म्हणजे सर्व काही. त्यावरची कोणतीही पातळी म्हणजे आपल्याहून खालच्या पातळीचा शेवटचा बॅकअप झाल्यानंतर जेवढे बदलले तेवढेच. कोणत्या दिवशी कोणती पातळी घेतली याची नोंद ‘/ईटीसी/डम्पडेट्स’ या साध्या मजकूर-फाइलमध्ये होते. समजा महिन्याच्या पहिल्या रविवारी शून्य, दर शनिवारी एक आणि इतर दिवशी दोन अशी रीत आहे. वडनेर भोलजीची फाइल मंगळवारी सकाळी शेवटची बदलली असेल तर ती मंगळवारच्या टेपवर आहे आणि बुधवारच्याही, कारण दोन्ही टेपा शनिवारनंतरचे सगळे बदल धरतात. पण तीच फाइल गेल्या महिन्यापासून कुणी उघडून बदललीच नसेल तर या आठवड्याच्या एकाही टेपवर ती नसेल. तिच्यासाठी महिन्याची शून्य-टेपच काढावी लागेल.

यातून एक नियम निघतो, तो पुस्तकांतून फारसा ठळकपणे सांगितला जात नाही. सबंध डिस्क उभी करताना जुन्याकडून नव्याकडे जायचे असते: आधी शून्य, मग एक, मग दोन. एकच फाइल शोधताना दिशा उलटते. सर्वांत ताज्या टेपपासून मागे मागे जायचे आणि पहिल्यांदा जेथे फाइल सापडेल तेथे थांबायचे. अपवाद आहे तो बिघडलेल्या फाइलीचा. फाइल पुसली गेली नसून मंगळवारी तिच्यात चुकीचा मजकूर घुसला आणि शुक्रवारी ते ध्यानात आले असेल, तर ताज्या टेपांनी तो बिघाडच इमानाने जपून ठेवलेला असतो. अशा वेळी आधी बिघाडाचा दिवस निश्चित करून त्याच्या आधीची टेप काढावी लागते. टेपा दर आठवड्याला पुसून पुन्हा वापरायची काटकसर ज्या कार्यालयात चालते, तेथे ती टेप त्या वेळेपर्यंत उरलेलीच नसते. पातळ्यांच्या रचनेपेक्षाही टेपा किती दिवस राखल्या जातात, यावर एका फाइलीचे भवितव्य अधिक अवलंबून असते.

टेप हाती आली की ड्राइव्हमध्ये घालण्याआधी तिचे लेखन बंद करायचे. जुन्या अर्ध्या इंची रिळांच्या मागे खाचेत प्लास्टिकची एक कडी बसवलेली असे. ती काढली की ड्राइव्ह लिहिण्यास नकार देई. पाव इंची काडतुसांवर फिरवायची खुंटी असते, डॅट आणि एलटीओ काडतुसांवर सरकती पट्टी. ही काळजी बाऊ करण्यासारखी वाटेल, पण टेप वाचण्याच्या आणि लिहिण्याच्या आदेशांत अनेकदा एका अक्षराचाच फरक असतो. ‘टार’मध्ये ‘एक्स’ म्हणजे काढ आणि ‘सी’ म्हणजे नव्याने तयार कर. कळफलकावर ही दोन्ही अक्षरे शेजारीशेजारी आहेत. ‘सी’ दाबले गेले की टेपच्या सुरुवातीवर नवा मजकूर बसतो आणि त्यापुढचे जुने भाग टेपवर असूनही साध्या साधनांनी हाती लागत नाहीत, कारण शेवटच्या लेखनानंतरची जागा ड्राइव्ह रिकामी समजतो.

दुसरी काळजी जागेची. फाइल थेट मूळ ठिकाणी उतरवू नये. पुरेशी मोकळी जागा असलेली एक रिकामी डिरेक्टरी करावी, तिच्यात उभे राहून फाइल काढावी, तपासावी आणि मगच हलवावी. मूळ जागी उतरवताना वाटेतल्या डिरेक्टऱ्यांचे हक्क बदलू शकतात, शेजारच्या ताज्या फाइलींवर जुन्या प्रती बसू शकतात. आणि एक फाइल वाचवताना दहा गमावल्या तर त्या दहांसाठी पुन्हा टेप शोधावी लागते.

टेप कोणत्या प्रोग्रामने लिहिली यावर पुढची रीत ठरते. युनिक्सच्या जगात मुख्य घराणी तीन: ‘टार’, ‘सीपीआयओ’ आणि ‘डम्प’.

‘टार’ युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीबरोबर आला आणि आजही सर्वत्र आहे. त्याची रचना अगदी साधी. प्रत्येक फाइलीआधी ५१२ बाइटांचे एक शीर्षक, त्यात फाइलीचे नाव, हक्क, मालकाचा क्रमांक, आकार आणि बदलाची वेळ. त्यामागे फाइलीचा मजकूर, तोही ५१२ च्या पटीत भरून काढलेला. मग पुढच्या फाइलीचे शीर्षक. शेवटी शून्यांनी भरलेले दोन ठोकळे. संपूर्ण यादी अशी कुठेच नाही. त्यामुळे टेपवर काय आहे हे पाहायचे असले तरी सबंध टेप-फाइल अथपासून इतिपर्यंत वाचावी लागते. शहाणे प्रशासक बॅकअप घेतानाच यादी एका मजकूर-फाइलमध्ये उतरवून डिस्कवर ठेवतात. मग टेप न लावताच शोध घेता येतो.

यादीसाठी ‘टी’, काढण्यासाठी ‘एक्स’, सविस्तर माहितीसाठी ‘व्ही’ आणि उपकरणाचे नाव देण्यासाठी ‘एफ’ ही ‘टार’ची चार अक्षरे पुरेशी होतात. ‘एक्स’नंतर जे नाव द्यायचे ते यादीत दिसते तसेच अक्षरशः दिले पाहिजे. टेप लिहिताना ‘./बुलढाणा/…’ अशी सुरुवात असेल तर काढताना ‘बुलढाणा/…’ चालत नाही. फाइल टेपवर असूनही ‘सापडत नाही’ असे उत्तर येते आणि त्यावर विश्वास ठेवून टेप निकामी ठरवल्याचे प्रकार घडतात. नाव तिरप्या रेघेने, म्हणजे मुळापासून सुरू होत असेल तर धोका उलटा. जुना ‘टार’ अशी फाइल उभे राहिल्या जागी न काढता थेट मूळ ठिकाणी काढतो. रिकाम्या डिरेक्टरीची सारी काळजी वाया जाते. ग्नू प्रकल्पाचा ‘टार’ ही सुरुवातीची रेघ स्वतःहून गाळतो, जुन्या व्यावसायिक युनिक्सवरील सगळेच तसे करत नाहीत.

नावातली जागा खुणेने भरणारे आदेशही जपून वापरावे लागतात. ‘वडनेर’पुढे तारकाचिन्ह दिले तर नांदुऱ्याच्या वडनेर भोलजीबरोबर अमरावती जिल्ह्याच्या दर्यापूर तालुक्यातले वडनेर गंगाईही बाहेर येईल, कारण दोन्ही गावे अमरावती विभागातच आहेत. फाइल रिकाम्या डिरेक्टरीत उतरवली असेल तर यात काही बिघडत नाही. मूळ जागी उतरवली असेल तर वडनेर गंगाईचे त्या आठवड्याचे काम पुसले जाते आणि त्याची तक्रार दुसऱ्याच जिल्ह्यातून येते.

‘सीपीआयओ’ हे बेल लॅब्जच्या व्यावसायिक शाखेचे, सिस्टीम फाइव्ह परंपरेतले साधन. एससीओ युनिक्स वापरलेल्या जुन्या कर्मचाऱ्यांच्या बोटांत त्याची अक्षरे अजून असतील. फाइलींची नावे बाहेरून घ्यायची, टेपवर ओतायची. परत घेताना ‘आय’, यादीसाठी ‘टी’, वाटेतल्या डिरेक्टऱ्या करण्यासाठी ‘डी’, मूळ तारीख राखण्यासाठी ‘एम’. डिस्कवर त्याच नावाची अधिक ताजी फाइल असेल तर ‘सीपीआयओ’ टेपवरची जुनी प्रत तिच्यावर बसवत नाही. ‘यू’ दिले तरच बसवतो. हा संकोच चांगला आहे. सवयीने प्रत्येक वेळी ‘यू’ जोडणारे तो गमावून बसतात.

‘डम्प’ आणि त्याचा जोडीदार ‘रिस्टोअर’ यांचा विचार वेगळा. ‘टार’ नावांच्या वाटेने फाइली गोळा करतो. ‘डम्प’ फाइल-सिस्टीमच्या आतल्या रचनेतून जातो. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलीला एक क्रमांक असतो, त्याला आयनोड म्हणतात; नाव ही फक्त डिरेक्टरीत लिहिलेली नोंद, ‘या नावाचा क्रमांक अमुक’ एवढेच सांगणारी. ‘डम्प’ टेपवर आधी कोणकोणते क्रमांक घेतले त्यांचे नकाशे लिहितो, मग सगळ्या डिरेक्टऱ्या, आणि त्यानंतर फाइलींचा मजकूर क्रमांकांच्या चढत्या क्रमाने. या मांडणीचा मोठा फायदा एक फाइल काढताना कळतो. टेपचा सुरुवातीचा भाग वाचला की नावांचे सगळे झाड ‘रिस्टोअर’च्या हाती येते, बाकीची टेप वाचायची गरज उरत नाही.

सातव्या आवृत्तीतला जुना ‘रिस्टोर’ (त्यात शेवटचे अक्षर कमी होते) या बाबतीत अगदी रूक्ष होता. त्याला फाइलीचे नाव दिले की तो ती काढून देई, पण मूळ नावाने नव्हे. आयनोड क्रमांक हेच नाव असलेली फाइल समोर ठेवी. कोणता क्रमांक कोणत्या फाइलीचा हे तो आधी सांगत असे, ते माणसाने कागदावर टिपून ठेवायचे आणि नंतर हाताने नावे बदलायची. दहा फाइली काढल्या तर दहा आकडे आणि दहा वेळा नावबदल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींनी १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत नवा ‘रिस्टोअर’ दिला आणि त्याबरोबर संवादी पद्धत आली. एक फाइल काढण्यासाठी आजही याहून सुखाची रीत युनिक्सवर नाही.

‘रिस्टोअर’ला ‘आय’ हा पर्याय दिला की तो टेपची सुरुवात वाचून एक छोटी सूचनारेघ दाखवतो. तेथे ‘एलएस’ने यादी पाहता येते, ‘सीडी’ने आत जाता येते, जणू टेप म्हणजे डिस्कच आहे. प्रत्यक्षात टेप हलतही नाही. हे सारे फिरणे मेमरीतल्या झाडावर चालते. आधी ‘बुलढाणा’त, मग ‘नांदुरा’त जायचे आणि ‘ॲड’ म्हणून वडनेर भोलजीच्या फाइलीचे नाव द्यायचे. पुन्हा यादी पाहिली तर त्या नावाशेजारी तारा दिसतो, म्हणजे निवड झाली. चुकून सबंध डिरेक्टरी निवडली गेली तर ‘डिलीट’ म्हणायचे; हा शब्द ऐकून दचकायचे कारण नाही, तो फक्त निवडीतून नाव काढतो. शेवटी ‘एक्स्ट्रॅक्ट’.

यानंतर ‘रिस्टोअर’ दोन प्रश्न विचारतो आणि दोन्हींवर नवखा माणूस अडतो. पहिला: पुढची टेप कितवी? बॅकअप एकाच टेपवर मावला असेल तर उत्तर एक. अनेक टेपांवर पसरला असेल आणि फाइल कोणत्या टेपवर आहे हे माहीत नसेल तर शेवटची टेप आधी लावावी, मग तिच्या आधीची. हे उफराटे वाटते, पण कारण क्रमांकांत आहे. फाइली चढत्या क्रमाने लिहिलेल्या असल्याने एखाद्या टेपच्या सुरुवातीलाच ‘रिस्टोअर’ला कळते की हवा असलेला क्रमांक या टेपवर किंवा पुढे आहे की मागे राहिला. मागे राहिला असेल तर ती टेप पूर्ण वाचावी लागत नाही. पहिल्या टेपपासून सुरुवात केली तर प्रत्येक टेप शेवटपर्यंत वाचण्याची पाळी येते. दुसरा प्रश्न असा: सध्याच्या डिरेक्टरीचे मालक व हक्क टेपवरच्या मुळाप्रमाणे करायचे का? एक फाइल काढताना उत्तर नेहमी ‘नाही’. ‘हो’ म्हटले तर ज्या डिरेक्टरीत उभे आहोत तिलाच ‘/डेटा’चे हक्क चिकटतात. ही डिरेक्टरी सर्वांच्या वापराची असेल तर काही मिनिटांत इतरांच्या तक्रारी सुरू होतात.

आणखी एक खोच. ‘डम्प’ फाइल-सिस्टीमच्या मुळापासून वाटा मोजतो, यंत्राच्या मुळापासून नव्हे. ‘/डेटा’ स्वतंत्र फाइल-सिस्टीम असल्याने टेपवर ‘डेटा’ हे नावच नसते, वाट ‘./बुलढाणा’पासून सुरू होते. संवादी पद्धतीत हे डोळ्यांसमोर दिसते, ‘एक्स’ने थेट नाव देताना मात्र विसरले जाते.

‘डम्प’चा तोटाही त्याच्या गुणातूनच आला आहे. तो फाइल-सिस्टीमच्या रचनेला बांधलेला असल्यामुळे प्रत्येक घराण्याचा वेगळा: सोलॅरिसचा ‘यूएफएसडम्प’, एक्सएफएससाठी ‘एक्सएफएसडम्प’, लिनक्सच्या ईएक्सटी घराण्यासाठी आणखी निराळा. दहा वर्षांनी वेगळ्या कंपनीच्या यंत्रावर टेप वाचावी लागेल अशी शक्यता असेल तेथे ‘टार’ बरा. रोजच्या चुकांवर उपाय म्हणून ‘डम्प’ अधिक सोयीचा.

कपाटात सापडलेल्या टेपवर चिठ्ठीच नसेल तर आधी ती कोणी लिहिली हे ओळखावे लागते. ‘डीडी’ या आदेशाने मोठा ठोकळा-आकार मागून पहिला एकच ठोकळा डिस्कवर आणायचा. किती बाइट आले यावरून लिहिण्याचा आकार कळतो. १०,२४० बाइट आले तर बहुधा ‘टार’ किंवा ‘डम्प’, ५,१२० आले तर ‘सीपीआयओ’ची शक्यता. त्या तुकड्यावर ‘फाइल’ हा आदेश चालवला की बहुतेक वेळा प्रकारही कळतो. ठोकळ्याच्या आकाराचे भान नसले की चांगली टेपही वाचनदोष देते. काही ड्राइव्ह ठरीव आकाराचे ठोकळे वापरतात, काही बदलत्या आकाराचे. लिहिताना एक आणि वाचताना दुसरी सोय लावलेली असेल तर यंत्र नुसतीच चूक दाखवते आणि दोष टेपला मिळतो. निरनिराळ्या यंत्रांवर बाइटांच्या जोड्या उलटसुलट लिहिल्या गेल्याचेही आढळते. तेव्हा ‘डीडी’लाच त्या पुन्हा फिरवायला सांगावे लागते.

टेपांच्या जातींचा पसारा मोठा आहे. २,४०० फुटांच्या अर्ध्या इंची रिळावर इंचाला १,६०० बाइट या घनतेने सुमारे ४० मेगाबाइट मावत. पाव इंची क्यूआयसी-१५० काडतुसाने १५० मेगाबाइट घेतले, पहिल्या पिढीच्या ४ मिलिमीटर डॅटने सुमारे २ गिगाबाइट. २००० साली आलेल्या पहिल्या एलटीओची क्षमता १०० गिगाबाइट होती, नवव्या पिढीची १८ टेराबाइट. अशी एक टेप सेकंदाला ४०० मेगाबाइट या वेगाने सलग वाचली तरी बारा तासांहून अधिक लागतात. ‘टार’ने सरळ ओतलेल्या अशा टेपवरून एक फाइल काढणे म्हणजे दिवसाचे काम, म्हणून मोठे बॅकअप प्रोग्राम प्रत्येक फाइल टेपवर कितव्या ठोकळ्यापाशी आहे याची सूची डिस्कवर ठेवतात. २०१० मध्ये एलटीओच्या पाचव्या पिढीबरोबर एलटीएफएस ही पद्धत आली. तिच्यात टेपचे दोन भाग करून एका भागात सूची ठेवतात, त्यामुळे टेप लावताच फाइलींची यादी दिसते. ती वाचायला योग्य ड्राइव्ह मात्र हवा. सातव्या पिढीपर्यंतचे एलटीओ ड्राइव्ह दोन पिढ्या मागचे वाचत. आठवी पिढी एकच पिढी मागे जाते. टेप शाबूत आणि ड्राइव्ह भंगारात, असे होऊ शकते.

हवामानाचा भाग विदर्भात दुर्लक्षून चालत नाही. पूर्णा खोऱ्यातल्या मलकापूर-नांदुरा पट्ट्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि पावसाळ्यात हवा दमट होते. टेपला दोन्ही मानवत नाहीत. थंड, कोरड्या, समान तापमानाच्या खोलीत ती वर्षानुवर्षे टिकते. दुसऱ्या गावी ठेवलेली टेप भर उन्हात मोटारीतून आणली तर लगेच ड्राइव्हमध्ये घालू नये. तिला दिवसभर यंत्राच्या खोलीत राहू द्यावे. तापलेली टेप ताणात फरक पडल्यामुळे वाचनदोष देऊ शकते आणि वारंवारच्या प्रयत्नांत खरोखरच खराब होऊ शकते. एखाद्या ठिकाणी दोष आलाच तर आधी ड्राइव्हचे टोक स्वच्छ करणारी टेप फिरवावी, मग दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून पाहावे.

टेप वाचली जाते, पण फाइल अपुरी निघते, असेही होते. बॅकअप चालू असताना कुणी फाइल बदलत असेल तर टेपवर अर्धी जुनी, अर्धी नवी अशी प्रत जाते. साध्या मजकुरात हे क्वचित घडते. डेटाबेसच्या फाइलींत नेहमीच घडू शकते. म्हणूनच डे-एंडनंतर सर्वांना बाहेर काढून बॅकअप घेण्याची रीत बँकांत पडली होती. डेटाबेसची एकच फाइल टेपवरून काढून बाकीच्या चालू फाइलींत बसवणे तर टाळावेच. त्या फाइली एकमेकींच्या भरवशावर असतात आणि वेगवेगळ्या वेळच्या फाइली एकत्र नांदत नाहीत. तेथे डेटाबेसच्या स्वतःच्या साधनांनी वेगळ्या जागी सारा संच उभा करून त्यातून हव्या त्या नोंदी घ्याव्या लागतात.

बॅकअप होतो आहे असे समजून चालल्याने काय होते याचे प्रसिद्ध उदाहरण पिक्सार या चित्रपटसंस्थेचे. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’च्या फाइली एका आदेशाने पुसल्या गेल्या आणि बॅकअप नीट चालतच नव्हता असे नंतर कळले, चित्रपट वाचला तो एका तंत्र-दिग्दर्शिकेच्या घरच्या संगणकावरील प्रतीमुळे. याउलट उदाहरण जीमेलचे. २०११ च्या फेब्रुवारीअखेर साठवणीच्या सॉफ्टवेअरमधील दोषामुळे सुमारे ०.०२ टक्के खातेदारांची पत्रे नाहीशी झाली. गूगलकडे डिस्कवर अनेक प्रती होत्या, पण दोष त्यांपर्यंत पोचला. टेपा यंत्रापासून सुट्या होत्या म्हणून वाचल्या आणि पत्रे त्यांवरून परत आणली गेली. त्याला काही दिवस लागले.

वडनेर भोलजीची फाइल आता रिकाम्या डिरेक्टरीत उतरली आहे. तिचा आकार आणि तारीख यादीशी ताडून पाहायची. आत डोकावून मजकूर खरोखर त्याच गावाचा आहे ना हे, काम जाणणाऱ्या माणसाकडून पाहून घ्यायचे. मालकी तपासायची, कारण टेपवर मालकाचा क्रमांक असतो आणि दुसऱ्या यंत्रावर तो क्रमांक भलत्याच व्यक्तीचा असू शकतो. फाइल सामान्य वापरकर्त्याने काढली असेल तर ती त्याच्याच नावावर उतरते, मग मूळ मालक आपलीच फाइल उघडू शकत नाही. मूळ जागी त्याच नावाची काही फाइल नव्याने तयार झाली असेल, आणि पुसल्याचे कळल्यावर कुणीतरी ती बहुधा केलेली असते, तर तिला दुसरे नाव देऊन बाजूला ठेवायचे, पुसायचे नाही. टेपवरची प्रत आल्यावर त्यानंतरच्या नोंदी कागदावरून पुन्हा चढवाव्या लागतात, आणि त्यांतल्या काही त्या नव्या फाइलमध्ये असू शकतात.

राहिली एक बारीक गोष्ट. परत आणलेल्या फाइलीवर बदलाची जुनी तारीख असते. ‘डम्प’ला ती फसवू शकत नाही, कारण तो आयनोडमधील नोंद बदलल्याची वेळही पाहतो आणि ती आजची असते. पण ज्या कार्यालयात ‘फाइंड’ने केवळ बदलाच्या तारखेवरून ताज्या फाइली निवडून ‘टार’ वा ‘सीपीआयओ’ने बॅकअप घेतात, तेथे रात्रीचा बॅकअप या फाइलीला जुनी समजून वगळतो. मधल्या काळात तीच टेप पुन्हा वापरली गेली तर फाइलीची प्रत कोठेच उरत नाही. म्हणून फाइल जागेवर ठेवल्यावर तिची तारीख ‘टच’ने आजची करावी, किंवा मूळ तारीख राखणे आवश्यक असेल तर तिची एक प्रत त्याच दिवशी वेगळ्या टेपवर घ्यावी. मग टेप गुंडाळून बाहेर काढायची, लेखन बंद ठेवूनच तिच्या खणात परत ठेवायची आणि कोणती फाइल कोणत्या तारखेच्या टेपवरून, कुणी, केव्हा आणली हे नोंदवहीत लिहायचे.